येणं-देणं

दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या दारातल्या रांगोळीवर इंजिन ऑइल सांडलं. खरं तर सांडलं ते बुलेटनं. पण तिच्यात ओतलं होतं मी, आणि ओतताना आपण काहीतरी चांगलं काम करतोय असं मला वाटत होतं.

बुलेट अण्णांची. १९८६ची, साडेतीनशे सीसी, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची, उजव्या पायाला गिअर असलेली. साखर पेठेतल्या आमच्या बोळात ती एका विटलेल्या सोलापुरी चादरीखाली उभी असते. गुडघ्यांमुळे अण्णांना किक मारवत नाही, त्यामुळे गेले तीन महिने ती नुसतीच उभी होती. भाऊबीज झाली की तिला बघायला एक माणूस येणार होता. तो कोण, ते पुढे सांगतो. मी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं आलो, बॅग टाकली आणि गाडी चालू करून ठेवू म्हणून चादर काढली. डिपस्टिक ओढून बघितली, तर ऑइल काठीच्या टोकाला जेमतेम लागलेलं. कमी आहे म्हटल्यावर घाला, यात विचार करण्यासारखं काय आहे? कोपऱ्यावरच्या दुकानातून लिटरचा डबा आणला आणि काठीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ओतलं. साधारण सातशे मिली गेलं.

मग अँपिअर मीटरचा काटा बघत, डीकॉम्प्रेसर दाबत, घामाघूम होत नवव्या किकला गाडी चालू झाली. आधी धूर आला. निळसर पांढरा आणि इतका, की समोरच्या घरातून आवाज आला, "काय बे, डासाचं मशीन आणलास काय?" आणि मग ब्रीदरच्या नळीतून, तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असतं तिथून, काळं ऑइल थुंकल्यासारखं बाहेर पडायला लागलं. आईनं नुकतीच रांगोळी काढली होती. मोराची मान गेली.

अण्णा बाहेर आले, गाडी बंद केली.

"काठी बघून ओतलास?"

"हो."

"चालू न करताच?"

मी काही बोललो नाही. ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजापूर वेशीजवळच्या गल्लीत उस्तादांकडे गेलो. अण्णांचे जुने मेकॅनिक. साठी कधीच उलटलीय, कानात अत्तराचा फाया, आणि बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"तेल कमी नव्हतं, बेटा," ते म्हणाले. "तेल खाली गेलतं."

हे वाक्य नीट कळायला मला इंजिनाच्या पोटात शिरावं लागलं. तुम्हालाही थोडं शिरावं लागेल. तुम्ही आज जी बाइक चालवता, तिच्यात बहुधा ऑइल इंजिनाच्या तळाशीच साठलेलं असतं. तिथूनच एक पंप ते उचलतो, सगळीकडे पाठवतो, आणि ते ओघळून पुन्हा तळाशी येतं. त्या तळाला संप म्हणतात. (गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला संप म्हटलं की दुसरंच काहीतरी आठवतं आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्याला पाण्याची टाकी, पण तो विषय सोडू.) जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींपैकी बऱ्याचशा अशा नसत. त्यांच्यात ऑइलची टाकी वेगळी आणि इंजिनाचा तळ कोरडा ठेवायचा, म्हणून ड्राय संप. बुलेट मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि तीच रचना पुढे कितीतरी दशकं आपल्याकडे बनत राहिली. तिची गंमत अशी की टाकी वेगळी असूनही बाहेरून दिसत नाही. क्रँककेसच्या ओतकामातच तिचा कप्पा काढलेला आहे. एका भिंतीच्या अलीकडे टाकी आणि पलीकडे गरगर फिरणारी फ्लायव्हील.

उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन छोटे पंप बसवलेले असतात. क्रँकच्या टोकाला मळसूत्रासारखा दातेरी तुकडा असतो, तो एक दांडी फिरवतो आणि त्या एकाच दांडीवर दोन्ही पंप चालतात. पहिला फीड पंप. तो टाकीतलं ऑइल घेऊन क्रँकच्या टोकातून आत, थेट बिग एंडपर्यंत नेतो. कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथं पकडतो ती ही जागा, सगळा मार खाणारी. तिथं ऑइल पोचलं नाही तर इंजिन फार वेळ जगत नाही. मध्ये एक कॉर्कचं बारीक सील असतं. किंमत म्हणाल तर दोन चहा. ते सुकलं की ऑइल आत जायच्या ऐवजी वाटेतच गळतं आणि हजारोंचा क्रँक जातो. वर रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या बाहेरून दिसतात. उस्ताद चालू इंजिनावर तिथला बोल्ट जरासा सैल करून ऑइल पाझरतंय का ते बघतात. पाझरलं की मान हलवतात. त्यांचं सगळं डायग्नॉस्टिक्स एवढंच.

बिग एंडमधून निसटलेलं ऑइल फ्लायव्हीलच्या तडाख्यानं सगळीकडे उडतं, सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि शेवटी तळाशी पडतं. तिथं ते साठून चालत नाही. साठलं तर फ्लायव्हील त्यात घुसळत बसतात, ऑइल पिस्टनच्या वर चढतं आणि जळतं. म्हणून दुसरा पंप. हा तळाचं ऑइल उचलून टाकीत परत टाकतो. जुन्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये या कामाला स्कॅव्हेंजिंग म्हटलंय.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की परतीचा पंप फीड पंपापेक्षा मोठा असतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नाही. जेवढं जातं तेवढंच यायचंय ना? पण जातं ते निव्वळ ऑइल आणि येतं ते फेसाळ. फिरणाऱ्या लोखंडानं घुसळलेलं, हवा मिसळलेलं. तेवढंच ऑइल परत आणायचं तर जास्त आकारमान ओढावं लागतं. आणि तळाशी काही साठू द्यायचं नाही म्हणून मधूनमधून नुसती हवाही ओढावी लागते. त्यामुळे परतीची धार सलग नसते. धक्क्याधक्क्यानं, बुडबुड्यांसकट येते.

आता माझी चूक. हे पंप म्हणजे सपाट बैठकीवर स्प्रिंगनं दाबून धरलेल्या चकत्या. वर्षानुवर्षं घासून त्यांच्यावर चरे पडतात. गाडी चालू असताना फरक जाणवत नाही. पण ती महिनोन्महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल त्या चऱ्यांतून थेंबाथेंबानं तळाकडे उतरतं. कुणी ओतत नाही, कुणी चोरत नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण. डिपस्टिक मात्र फक्त टाकी मोजते. म्हणून काठी म्हणते की ऑइल संपत आलं आणि आपण डबा आणतो. इंजिनात आहे तेवढंच, दोन लिटरांहून थोडं जास्त, फक्त भिंतीच्या चुकीच्या बाजूला. अशा वेळी गाडी चालू करायची, परतीच्या पंपाला त्याचं काम करू द्यायचं, चार-पाच मिनिटांनी बंद करायची आणि मग काठी बघायची.

उस्तादांनी खालचा बोल्ट काढून जास्तीचं ऑइल कापलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढलं. चकत्या काढल्या, काचेच्या तुकड्यावर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून इंग्रजी आठच्या आकारात घासत बसले. मीही तासभर घासल्या. "दाबू नको," ते म्हणत होते, "नुसतं फिरव."

फिरवताना मला ऑफिस आठवत होतं. सर्व्हरची मेमरी भरत चालली की आम्हीही पहिल्यांदा मेमरी वाढवतो, कारण आलेखात रेषा दिसते ती तेवढीच. घेतलेली मेमरी कुठला कोड परत करत नाहीये, ते शोधायला वेळ लागतो आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणालाच वेळ नसतो. परत करण्याचं काम प्रोग्रामरच्या भरवशावर सोडू नये हे १९६०च्या आसपासच जॉन मॅकार्थीच्या लिस्पवाल्यांना कळलं होतं, तिथूनच गार्बेज कलेक्शन आलं. तुम्ही हे अँड्रॉइडवर क्रोममध्ये वाचत असाल तर त्याच्या पोटातल्या व्ही-एट इंजिनातही एक भाग सतत वापरून झालेली जागा परत मिळवत असतो. त्याचंही नाव स्कॅव्हेंजर. आपल्या देशात मात्र हा शब्द उच्चारला की आधी वेगळीच माणसं डोळ्यांसमोर येतात. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३चा कायदा इंग्रजीत याच शब्दानं ओळखला जातो, आणि कायदा असूनही माणसं गटारात उतरतात, मरतात. पाणी घरात आणणाऱ्या नळाचं उद्घाटन होतं, ते वाहून नेणाऱ्या पाइपचं कुणी करत नाही. उस्ताद स्कॅव्हेंज वगैरे म्हणत नाहीत. ते म्हणतात, रिटर्न.

आता बुलेट आमच्याकडे आली कशी ते.

अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, त्यांना तेलपाणी करणारा. चोवीस माग होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. त्यांच्या हातात लांब चोचीची तेलाची बुदली असायची आणि ते एका मागाकडून दुसऱ्याकडे जात प्रत्येक सांध्यावर दोन-दोन थेंब सोडायचे. ते तेल परत यायचं नाही. खाली फरशीवर, पट्ट्यावर, कधी चादरीवर पडायचं, आणि डाग पडला की माल परत यायचा. अगदी सुरुवातीच्या मोटरसायकलींचंही असंच होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. चालवणाऱ्यानंच अधूनमधून हातपंप मारून इंजिनात ऑइल ढकलायचं, ते आपलं काम करून जळून जायचं किंवा रस्त्यावर गळायचं. इंग्रजीत याला टोटल लॉस म्हणतात. मला ते नाव वाचून उगाच गलबलून आलं. आमच्या आईबापांच्या पिढीचं कौतुक आपण ज्या भाषेत करतो, ती हीच भाषा नव्हे का? सगळं दिलं, काही मागितलं नाही. पण फरशीवरचं तेल पुसणारंही कुणीतरी असायचंच.

२००९मध्ये कारखाना बंद पडला. सुताचे भाव, विजेचं बिल, पानिपतचा स्वस्त माल. माग भंगारात गेले. शेवटचे चार महिने पगार झाला नव्हता. बंद व्हायच्या दिवशी मालकांनी अण्णांना बाजूला बोलावलं, स्वतःच्या बुलेटची चावी हातात दिली आणि म्हणाले, ही घेऊन जा. पुढच्या आठवड्यात स्वतः आरटीओत येऊन गाडी नावावर करून दिली. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बुलेटवर पुढे टाकीवर बसून मी सिद्धेश्वराच्या गड्ड्याला गेलोय. आमच्या घरात तिचं नाव कायम "मालकांनी दिलेली गाडी" असंच राहिलं.

मालक गेल्या वर्षी वारले. त्यांचा मुलगा हैदराबादला असतो. सप्टेंबरात त्याचा अण्णांना फोन आला. वडिलांची आठवण म्हणून ती बुलेट त्याला हवी होती. तो एक लाख वीस हजार द्यायला तयार होता. अण्णा म्हणाले, पैसे कशाला, तुमच्या वडिलांची वस्तू आहे, घेऊन जावा.

हे मला आईकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. त्या रात्री पुण्यात मी एक एक्सेल शीट बनवली. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२चा. शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. अण्णांचा शेवटचा पगार ५,२०० रुपये. म्हणजे वर्षाला तीन हजार. १९९० ते २००९, एकोणीस वर्षं, ५७,००० रुपये. थकलेले चार पगार, २०,८००. एकूण ७७,८००. त्या वर्षी तेवीस वर्षं जुन्या बुलेटला पंचवीस-तीस हजारांच्या वर कुणी दिले नसते. व्याज तर मी लावलंच नाही. शीट अण्णांना व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि खाली लिहिलं, त्यांनी तुम्हाला गाडी दिली नाही, तुमच्याच पैशांतला थोडा भाग परत केला.

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. पुढचे पंधरा दिवस फोन केला की ते आईकडे द्यायचे.

मला आजही वाटतं की शीटमध्ये काही चूक नव्हती. (एक होती. मस्टरवर कामगार आठच दाखवलेले होते आणि तो कायदा दहापासून लागायचा. पण आठ दाखवणं हीच तर लबाडी.) मला बोचत होता तो शब्द. मराठीत "देणं" हे एकाच वेळी क्रियापदही आहे आणि कर्जही. मी देतो, आणि माझं देणं आहे. "येणं"ही तसंच. पाहुणा येणं आणि उधारी येणं. व्यापाऱ्याच्या वहीत हे दोन अर्थ वेगवेगळ्या पानांवर असतात, पण घरात एकमेकांत मिसळलेले. मालकांनी गाडी दिली म्हटलं की त्यांचं देणं कुठल्या कुठे विरघळून जातं. वर आपणच सोळा वर्षं मिंधे. ज्याचं येणं आहे त्यालाच ऋणी बनवून टाकणारी ही युक्ती मला भयंकर वाटते, आणि ती फक्त मालकच वापरतात असं नाही. सरकारं वापरतात, कंपन्या दिवाळी बोनसला गिफ्ट म्हणताना वापरतात, नवरेही वापरतात.

मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५च्या सुमारास भेटवस्तूंवर एक मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं ढोबळपणे असं की निव्वळ भेट असं काही नसतंच. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं एकत्रच येतात. मला त्याच्यापेक्षा आपले विनोबा जास्त थेट वाटतात. १९५१मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. पुढे गावोगाव फिरताना ते जमीनदाराला सांगत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा सहावा हिस्सा दे. याचक म्हणून नाही, वारस म्हणून. दान शब्दाचा अर्थही ते संविभाग असा लावत, म्हणजे नीट वाटून देणं. चळवळीचं पुढे काय झालं, किती जमीन खडकाळ निघाली, तो वेगळा इतिहास. पण ज्याला सगळे दान म्हणत होते त्याला हा माणूस वाटणी म्हणत होता. माझ्या एक्सेल शीटला मी मनातल्या मनात विनोबांचा पाठिंबा मिळवून दिला आणि दिवाळीला घरी गेलो. आणि पहिल्याच संध्याकाळी कमी दिसतंय म्हणून भसाभस ओतलं.

आईचं म्हणणं आमच्या दोघांपेक्षाही वेगळं होतं. तिच्या मते मालकांनी फसवलंच, पण आता गाडी देऊन टाकावी, बोळातली जागा मोकळी होईल. तिला मी दर महिन्याला पंधरा हजार पाठवतो. या वेळी कपाटात काहीतरी शोधताना कळलं की त्यातले निम्मे ती माझ्याच नावानं एफडीत टाकते. मी तिच्याकडे रागानं बघितलं, तर म्हणाली, "तुझ्या पोरांना होतील." परंपरेतलं पितृऋण तरी वेगळं काय सांगतं? ते बापाला परत करायचं नसतंच, संततीच्या रूपानं पुढे फेडायचं असतं. लग्नाचा विषय निघायच्या आत मी कपाट बंद केलं.

पाडव्याच्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णा बाहेर पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो. रांगोळीवरचा डाग तसाच होता, आईनं त्याच्याभोवतीच नवीन काढली होती. मी माफी मागितली. कशाची ते मलाही नीट ठरवता येत नव्हतं, ऑइलची की शीटची.

"हिशोब बरोबर आहे तुझा," ते म्हणाले. "पण एकट्याचाच का केलास?"

मला कळलं नाही.

"आम्ही अकरा जण होतो त्या दिवशी. गाडी एकच होती."

मग ते बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना क्वचित ऐकलंय. बाकीच्या दहांना काही मिळालं नाही. थकलेला पगारही नाही. मालकांकडे तेव्हा खरंच काही उरलं नव्हतं, असं अण्णांचं अजूनही म्हणणं आहे. मला ते पटत नाही, पण मी तेव्हा बोललो नाही. जॉबर सगळ्यात जुना, मालकांच्या शब्दातला, म्हणून चावी त्यांच्या हातात आली. ते गाडीवर बसून गेटबाहेर पडले तेव्हा बाकीचे डबे घेऊन चालत निघाले होते. एकाला त्यांनी म्हटलं, बस मागं, सोडतो. तो म्हणाला, "तुम्ही जावा, अण्णा." बास, एवढंच. त्याच्या घरावरून जाणारा रस्ता अण्णांनी सोळा वर्षं टाळलाय. कुठेही जायचं असलं की आम्ही वळसा घालून का जायचो, ते मला तेव्हा कळलं. मला वाटायचं, त्यांना मोठ्या रस्त्यानं गाडी मिरवायला आवडतं.

"म्हणून पैसे घ्यायचे नव्हते," ते म्हणाले. "घेतले तर अकरा भाग करावे लागतील."

मी फोन काढून भागाकार केला, सवय म्हणून. दहा हजार नऊशे नऊ रुपये नऊ पैसे.

माझा आक्षेप संपलेला नाही, हे इथं प्रामाणिकपणे नोंदवतो. देणं मालकांचं होतं. त्यांनी बुडवलं. अण्णा स्वतः बुडालेल्यांतलेच एक. ज्याचं स्वतःचं येणं राहिलं, त्यानं बाकीच्यांचं का फेडायचं? हे म्हणजे वरच्यांची जबाबदारी खालच्यांनी आपसांत वाटून घेणं झालं आणि गरिबांच्या चांगुलपणावर सगळी व्यवस्था अशीच फुकट चालते. मी हे सगळं अण्णांना बोलून दाखवलं, जरा जास्तच आवेशानं. मालकांच्या मुलाकडे अकरा जणांची ग्रॅच्युइटी मागू, असंही म्हणालो.

"माग की," ते म्हणाले. "मी कुठं नको म्हणतो."

आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पण गाडी माझ्याकडं आहे ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक कुणाची हा एक प्रश्न आणि वस्तू आत्ता कुठं आहे हा दुसरा. मी पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं काढू बघत होतो. परतीची नळी इंजिनाच्या तळातूनच निघावी लागते. तळाचा त्यात काही दोष नसतो, पण ऑइल तिथं आहे. चकती घासली कुणी, चरे पाडले कुणी, हे शोधायलाच हवं, आणि मी ते सोडणार नाही. मालकांच्या मुलाला सगळा हिशोब लिहून पाठवणार आहे, अकराही जणांचा. तो काय करेल माहीत नाही. बुलेट त्याला एक लाख वीस हजारालाच द्यायची, एक रुपया कमी नाही, एवढं मी अण्णांकडून कबूल करून घेतलंय. भाऊबीजेनंतर यायचं ते आता तुळशीच्या लग्नानंतर, असं त्याला कळवलंय. तोवर यादी करायचीय.

यादी सोपी नाही. दोघे वारले, त्यांच्या घरच्यांना शोधायचंय. एक भिवंडीला गेला म्हणतात. एकाच्या मुलीनं फोनवर सरळ सांगितलं, आम्हाला त्या कारखान्याचं काही नको. तिचं काय करायचं? देणाऱ्याला बरं वाटावं म्हणून घेणाऱ्यानं घेतलंच पाहिजे असं थोडंच आहे. अण्णा म्हणाले, तिचा भाग बाजूला ठेवू. मी म्हटलं, किती वर्षं? ते म्हणाले, सोळा.

परत निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला बुलेट चालू करायला लावली. आता धूर नव्हता. पाच मिनिटं ती बोळात धडधडत राहिली. मग बंद केली, थोडं थांबलो, त्यांनी डिपस्टिक काढली, जुन्या बनियनच्या तुकड्याला पुसली, पुन्हा घालून काढली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

नंतर खिशातून पाठकोऱ्या बिलाचा कागद काढला. त्यांच्या तिरप्या अक्षरात नऊ नावं. दहावं स्वतःचं, कंसात.

"एक राहतोय," ते म्हणाले. "कन्नड बोलायचा. लग्नात हलगी वाजवायचा. तू डबा घेऊन यायचास तेव्हा तुला शेंगदाण्याची चिक्की द्यायचा बघ."

चिक्की मला आठवत होती. ती कागदातून काढून देणारी तेलकट बोटंही आठवत होती. नाव काही आठवेना. स्टेशनवर पोचेपर्यंत मी आठवत होतो. गाडी कुर्डुवाडीच्या पुढे गेल्यावर अण्णांचा फोन आला. मला वाटलं, आठवलं असेल. पण ते विचारत होते, तुला आठवलं का.